खाली लोक लिहितात

मृत्युंजयअण्णा जिना चढून वर आले तेव्हा आपल्याला काय हवं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याला काय म्हणतात, तेवढं ठाऊक नव्हतं.

"पवित्रा, आपली वेबसाइट जुनी झाली," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले.

"सहा वर्षं झाली तिला."

"वयानं न्हाय गं. दिसायला जुनी झाली. आमचा बेंगळूरचा भाचा बघून हसला. आणि त्या इचलकरंजीच्या मंडळानं बघ कशी केलीया. आपल्याला तसली पायजे."

"तसली म्हणजे कशी?"

अण्णांनी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गुळगुळीत कुरवाळलं. "अशी," ते म्हणाले.

अण्णा समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचे अध्यक्ष. लोखंडी सामानाचा त्यांचा व्यापार होता आणि मोठ्याने बोलायची सवय तिथलीच होती. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत पवित्रा लोकांना वेबसाइट करून देत असे. ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली, वय एकतीस. मंडळाची पहिली वेबसाइट तिनेच केली होती, दोन हजार एक साली. तीत समईची ज्योत हलायची, 'मंडळ आपले सहर्ष स्वागत करीत आहे' ही ओळ उजवीकडून डावीकडे धावायची, आणि तळाला किती लोक येऊन गेले त्याचा आकडा असायचा. अण्णांच्या वडिलांची धावती ओळ वाचून व्हायच्या आत ती निघून जायची, म्हणून पवित्राने ती दोनदा हळू केली होती. तेव्हा सगळ्या जिल्ह्यात तशी वेबसाइट नव्हती, असं अण्णा भाषणात सांगायचे.

"मला थोडे दिवस द्या," पवित्रा म्हणाली. "बघून सांगते."

बघून सांगते म्हणजे तिच्या बाबतीत खरोखरच बघून सांगते. नव्या पिढीच्या म्हणवणाऱ्या जेवढ्या वेबसाइट सापडल्या तेवढ्या तिने उघडल्या आणि कोणत्या खुणा सगळ्यांत आहेत, कोणत्या काहींतच आहेत, ते वेगळं काढलं. अण्णा पुन्हा आले तेव्हा तिचं उत्तर तयार होतं.

"पहिली खूण म्हणजे कोपरे गोल असतात," तिने पडद्यावर दाखवलं. "प्रत्येक चौकटीचे. खरं तर ते गोल नसतातच, चौकोनाच्या टोकांना चार लहान चित्रं चिकटवायची."

"का पण?"

"कारण सापडलं नाही. पण सगळ्यांचे गोल आहेत."

"मग आपलं बी गोल."

"नावाखाली नावाचं प्रतिबिंब असतं. नाव ओल्या फरशीवर उभं असल्यासारखं." प्रकाश कुठून येतो आणि प्रतिबिंब निम्म्यातच का विरतं, हे प्रश्न तिला पडले होते, पण ते अण्णांसाठी नव्हते. "अक्षरं मोठी. रंग पोपटी नाही तर गुलाबी. आणि कोपऱ्यात ही चांदणी, सेलच्या पाटीला असते तशी. तिच्यात लिहायचं, 'चाचणी सुरू'."

"म्हंजे काम अर्धवट हाय असं आपणच सांगायचं?"

"सगळे सांगतात."

"आणि पूर्ण कधी हुतं?"

"होत नाही. त्यातल्या काही तीन वर्षं चाचणीवर आहेत."

अण्णांना हे पटलं. त्यांच्या नव्या गोदामाचंही तसंच चाललं होतं.

पुढची खूण शब्दांच्या ढगाची होती. जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा, कमी येतो तो बारीक. पवित्राने मंडळाच्या माहितीवर तो करून पाहिला होता. 'निर्व्यसनी' हा शब्द सगळ्यात मोठा आला आणि त्याने बाकीचे शब्द कडेला ढकलले. अण्णा त्याच्याकडे बराच वेळ समाधानाने बघत राहिले.

"आणि शेवटची," पवित्रा म्हणाली. "खाली लोक लिहितात."

"काय लिवतात?"

"त्यांना वाटेल ते. प्रत्येक पानाखाली जागा असते. आपल्यात प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या माहितीखाली येईल." ती थोडी थांबली. "बाकीच्या खुणा जुन्या वेबसाइटलाही वरून लावता येतात. ही तशी नाही. माझ्या मते खरी खूण हीच आहे. ही नसेल तर नुसता रंग दिल्यासारखं होईल."

"लिवू द्या की," अण्णा म्हणाले. "आपल्या मेळाव्यात अभिप्रायाची वही असते न्हवं? लोक लिवतात, नियोजन उत्तम, जेवण रुचकर. चांगलंच लिवतील. आपलीच माणसं हायत."

मेळाव्याच्या त्या वहीत आजवर एकही वाईट शब्द लिहिला गेला नव्हता, हे खरं होतं. वही दाराशी असे, आणि वहीशेजारी अण्णा उभे असत.

मंडळाकडे असलेली सगळी माहिती पवित्राने स्वतः नव्या पानांवर उतरवली. त्यात तिची स्वतःचीही होती. तिच्या अप्पांनी, म्हणजे लक्ष्मीपुरीतल्या भुसारमालाच्या दुकानाच्या सिद्धलिंगअप्पांनी, ती लिहून दिली होती. शिक्षण, उंची, रंग, घराणं, आणि शेवटी 'छंद : संगणक'. पवित्राने एक अक्षर न बदलता उतरवलं. आपण नोंद उतरवतोय, नोंद आपल्याबद्दल आहे हा योगायोग, अशा हाताने.

संगणक हा छंद अप्पांनी दोन स्थळं मोडल्यावर लिहिला होता. कळंब्याच्या पाहुण्यांनी विचारलं होतं, मुलगी वेबसाइटचं दुकान कधी बंद करणार. निपाणीच्या पाहुण्यांनी काही न विचारता कमी काय पडलंय मुलीला दुकान घालायला, असं म्हणून चहा तसाच ठेवला होता. तेव्हापासून अप्पांचं धोरण ठरलं : लग्न ठरल्यावरच दुकानाचं सांगायचं. ठरल्यावर माणूस समजून घेतो. पवित्रा यावर हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती, आणि त्यांच्या घरात याला हो धरत. तिला लग्न नको होतं असं नव्हे. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून जिथे जायचं ते आपलं घर असावं असं तिला वाटे. पण सकाळी ते कुलूप उघडायला मिळावं हेही वाटे, आणि या दोन गोष्टी एका स्थळात अजून सापडल्या नव्हत्या. आता हातकणंगल्याचं स्थळ आलं होतं. मुलगा सोमशेखर, खताचं दुकान. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी ते लोक तिला छंदासकट बघायला येणार होते.

रविवारी मंडळाचा मेळावा झाला. अण्णांनी माउसचं बटण दाबलं, मंगल कार्यालयाच्या भिंतीवर नव्या वेबसाइटचा पोपटी प्रकाश पडला आणि टाळ्या वाजल्या. त्या दिवशी खाली जे लिहून आलं ते अण्णांनी सांगितलं होतं तसंच होतं. उपक्रम स्तुत्य आहे. मंडळाची प्रगती पाहून ऊर भरून आला. मठ्ठा छान होता.

सोमवारपासून चौकशी सुरू झाली.

चौकशी या समाजाला नवी नव्हती. स्थळ आलं की त्या गल्लीत कुणी ओळखीचं निघतं का ते बघायचं, मुलाच्या दुकानाशेजारच्या दुकानात जाऊन विनाकारण पावशेर साखर घ्यायची आणि बोलता बोलता विषय काढायचा. पण हे करायला चपला झिजायच्या. आता गोल कोपऱ्यांच्या चौकटीत लिहिलं की काम होत होतं. लोक रोमन अक्षरांत मराठी लिहीत, सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' घालत आणि शेवटी स्वतःचं नाव, गाव, असल्यास हुद्दा. नाव लपवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चौकशीला गेलेला माणूस आपण कोण ते आधी सांगतो.

एका वराखाली त्याच्या शेजाऱ्याने लिहिलं, 'मुलगा स्वभावाने शांत आहे. उंची पाच फूट आठ इंच लिहिली आहे ती बुटांसहित असावी.' एका वधूखाली कुणी लिहिलं, 'मुलगी सुगरण, हे मी स्वतः जेवून सांगतो. मुलीचे वडील पत्त्यात रडी खेळतात.' शब्दांचा ढग आपोआप बदलत होता. 'निर्व्यसनी' हळूहळू लहान होत चालला आणि त्याच्या शेजारी 'तसा' हा शब्द वाढू लागला.

अण्णांच्या बेंगळूरच्या भाच्याखाली एकच वाक्य होतं : 'कंपनीत आहे हे खरे, पण कंपनीत काय करतो ते विचारावे.'

अण्णांचा फोन लगेच आला. "ते काढ."

"खोटं आहे का?" पवित्राने विचारलं.

फोनवर अण्णांच्या दुकानात सळया उतरवल्याचा आवाज तेवढा येत होता.

"खोटं न्हाय. पण विचारावे कशाला म्हणायचं?"

"काय करतो तो?"

"कँटीन चालवतोय. झकास चालतंय."

"मग तसं लिहूया का?"

अण्णांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. "ती लिवायची चौकट काढून टाक. कोपरे ऱ्हाऊ देत."

"समितीचा ठराव द्या. लगेच काढते."

त्याच संध्याकाळी समितीची बैठक भरली. प्रत्येक सभासदाला आपल्या नातेवाइकाखालचं काढायला हवं होतं, आणि दुसऱ्याच्या नातेवाइकाखालचं वाचून झालेलं नव्हतं. ठराव झाला नाही. मग पवित्राने स्वतःपुरता एक नियम केला. कुणी खोटं आहे म्हणून सांगितलं तर काढायचं, नाहीतर राहू द्यायचं. फोन पुष्कळ आले. लिवायची गरज होती का, लोकाला काय करायचंय, माणसानं माणसाची लाज राखावी, असं सगळं लोक म्हणाले. खोटं आहे असं कुणी म्हटलं नाही. बुटांवरून एक फोन आला, पण तो टाचांच्या उंचीबद्दल होता.

बुधवारी दुपारी अप्पा जिना चढून आले. दुकान सुरू केलं त्या दिवशी ते पूजेला आले होते, त्यानंतर आत्ताच. पोत्यांची धूळ अजून सदऱ्यावर होती.

"तुझ्याखाली काय आलंय ते बघितलीस?"

"नाही." तिने स्वतःचं पान उघडून पाहिलंच नव्हतं. आता उघडलं. खाली लिहिलेलं होतं :

'सप्रेम नमस्कार. मुलगी प्रामाणिक आहे. आमच्या चपलांची वेबसाइट हिनेच केली. राजारामपुरीत हिचे दुकान आहे, दहा ते सात उघडे असते. काम एकदम चोख. फोन उचलत नाही. पिराजी, महाद्वार रोड, कोल्हापूर.'

"हा आपल्यातला पण न्हाय," अप्पा म्हणाले.

"लिहायला आपल्यातलं असावं लागत नाही."

"ह्याला तिथं जायचं कारण काय?"

"माझा दुसरा नंबर शोधत आला असेल."

"बरं. काढ आता ते. हातकणंगल्याची माणसं बघायच्या आत काढ. लक्ष्मीपुरीत माझ्या गिऱ्हाइकानं मला वाचून दाखवलं, म्हंजे तिकडं जायला किती वेळ लागतोय."

पवित्राचा हात माउसवर होता. काढून टाकायचं बटण समोरच होतं. ते तिनेच तिथे ठेवलं होतं, गोल कोपऱ्यांचं. काढलं असतं तर रविवार सरळ गेला असता. स्थळ ठरलं असतं आणि मग अप्पांनी त्यांच्या पद्धतीने, योग्य वेळ बघून, सांगितलं असतं. किंवा योग्य वेळ आली नसती.

"खोटं आहे का हे?" ती म्हणाली.

अप्पांनी पुन्हा एकदा वाचलं. ते व्यापारी होते, मालात खोट असेल तर ती त्यांना दिसायची. "खोटं न्हाय," ते म्हणाले. "फोन उचलत न्हाईसच तू. परवा तुझ्या अव्वानं चारदा केला."

"मग या पानावर खोटं काय आहे?"

पवित्राने पानाचा वरचा भाग उघडला, 'छंद : संगणक' हे शब्द खोडले आणि त्या जागी लिहिलं, 'व्यवसाय : वेबसाइट तयार करणे, राजारामपुरी. लग्नानंतरही चालू राहील.' शेवटचं वाक्य लिहून ती थांबली. ते ती मोठ्याने कधीच म्हणाली नव्हती, आणि लिहिलेलं बघताना ते फार काही मोठं वाटत नव्हतं. तिने बटण दाबलं.

अप्पा तिच्या खांद्यावरून बघत होते. "रविवार गेला," ते म्हणाले. रागाने नाही, पोतं भिजलं की म्हणायचे तसं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून खुर्ची पुसली, तिच्यावर बसले आणि खोलीकडे नीट पाहिलं. "पंखा आवाज करतोय," ते म्हणाले. "माणूस लावून देतो." आणि गेले.

शुक्रवारी जिन्यावर कुणीतरी दम घेत घेत चढल्याचा आवाज आला. दारात एक ठेंगणी बाई उभी होती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात पिशवी.

"चढून दमलो बघ," बाई म्हणाल्या. "मी दानम्मा. हातकणंगल्याची. सोमशेखरची आई. पवित्रा तूच न्हवं?"

पवित्रा उठून उभी राहिली. पदर घ्यायचा की पाणी द्यायचं हे तिला ठरवता येईना, कारण अंगात सलवार-कमीज होतं. तिने पाणी दिलं.

"बस. बघायचा कार्यक्रम रविवारी हाय, ह्यो त्यो न्हवं," दानम्मा पाणी पिऊन म्हणाल्या. "आमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंनी तुझं वाचून दाखवलं. सोमवारी एक वाचलं आणि काल दुसरंच वाचलं. म्हटलं, आपणच जाऊन बघावं. त्या चपलावाल्याचा फोन का उचलत न्हाईस?"

"तो रोज रंग बदलायला सांगतो. काल सांगितलेला रंग आज त्याला आवडत नाही. मी त्याला सांगितलंय, सगळं ठरवून एकदाच फोन करा."

"आणि करतोय?"

"रोज करतो."

दानम्मांनी मान हलवली. गिऱ्हाइकाची जात त्यांना ठाऊक असावी. "आणि दुकान? लग्नानंतर बी चालू ऱ्हाईल, असं लिवलीस, ते तुझ्या अप्पांनी लिवलं का तू?"

"मी."

"हातकणंगल्यासनं येणार कशी?"

"रेल्वेनं. अर्धा-पाऊण तास लागतो."

"गाडी कधी वेळेवर न्हाय."

"उशिराची धरून मी दहाचं साडेदहा करीन."

"आणि घरातलं?"

"घरातलंही करीन. सगळं एकटीनं नाही." हे बोलून झाल्यावर तिला वाटलं, चौकशी दोन्ही बाजूंनी करायला हरकत नसावी. "सोमशेखर सकाळी काय करतात?"

"झोपतो," दानम्मा म्हणाल्या.

दानम्मांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. "त्याचं पान काढ बघू. खाली काय काय लिवलंय?"

पवित्राने सोमशेखरचं पान उघडलं. फोटोत तो मोटारसायकलला टेकून भलतीकडेच बघत होता. खालची चौकट कोरी होती.

"काहीच नाही. कुणी लिहिलेलं नाही."

"दुसऱ्या कुणाचं असं कोरं हाय का?"

पवित्राने आठवून पाहिलं. "नाही."

"तेच," दानम्मा म्हणाल्या. "सगळ्या हातकणंगल्याला त्याचं म्हाईत हाय. माझ्या भ्यानं लिवत न्हाईत." त्यांनी थोडा विचार केला. "तुझं तू खरं लिवलीस. आता आमचं झाकून ठिवून मी रविवारी तुझ्या घरी पोहे खायला बसू व्हय? लिव. मी सांगतो."

"शुद्ध करून लिहू?"

"न्हाय. हाय तसं."

पवित्राने बोटं कळफलकावर ठेवली. दानम्मा पडद्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून सांगू लागल्या.

"पोरगा मनानं चांगला हाय. दारूबिरू काय न्हाय. खताचं दुकान लिवलंय ते चुलत्याचं हाय, ह्यो नुसता बसतो. उद्या चुलत्याच्या पोरांनी ऊठ म्हटलं तर उठाय लागंल. बी.कॉम.चा एक विषय ऱ्हायलाय. सकाळी उठत न्हाय. कुणाला उलट बोलत न्हाय." त्या थांबल्या. "बोलायला पायजे तिथं बी बोलत न्हाय. ते पण घाल."

पवित्राने घातलं. "खाली नाव काय लिहू?"

"आई."

"नाव लागतं."

"दानम्मा, हातकणंगले. आणि वाचून दाखव."

पवित्राने सगळं वाचून दाखवलं. दानम्मांनी डोळे मिटून ऐकलं. "बसतो, त्याच्या आधी मन लावून घाल. मन लावून बसतो."

"मन लावून बसतात का?"

दानम्मांनी डोळे उघडले. "न्हाय," त्या म्हणाल्या. "नको घालू. दाब काय दाबायचं ते."

पवित्राने दाबलं. अक्षरं चौकटीत जाऊन बसली. दानम्मांनी खुर्ची मागे सारली, पिशवी उचलली आणि उभ्या राहिल्या. "आता तू वाचलीस. तरी येऊ दे वाटत असंल तर रविवारी चारला येतो आमी. न्हाय वाटलं तर तसं सांग, राग न्हाय."

पवित्राने पडद्याकडे पाहिलं. मंडळाकडच्या सगळ्या वरांची माहिती तिने स्वतःच्या हाताने उतरवली होती, आणि ज्याच्याबद्दल आपल्याला काही माहीत आहे असा त्यातला हा पहिलाच होता. बोलायला पाहिजे तिथे का बोलत नाही, हे त्याला समोर बसवून विचारता येण्यासारखं होतं.

"या," ती म्हणाली. "पण मी त्यांच्याशी एकटीनं थोडा वेळ बोलेन."

"बोल की. तवा तरी बोलतोय का बघू," दानम्मा म्हणाल्या, आणि कठडा धरून जिना उतरू लागल्या.

पवित्राने लक्ष्मीपुरीला फोन लावला. अप्पांनीच उचलला. रविवारी चार वाजता पाहुणे येताहेत, दानम्मा इथे येऊन गेल्या, असं तिने सांगितलं.

अप्पा गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगून बाजूला गेले असावेत. त्यांचा आवाज खाली आला. "दुकानाचं काय म्हणाल्या?"

"त्यांच्याच दुकानाचं सांगून गेल्या," पवित्रा म्हणाली.